संगणकातला मिसळणाचा डबा
लिब्रेऑफिस रायटरची पट्टी आपल्या कामाप्रमाणे लावून घेऊया



संघाच्या कार्यालयात संगणक येतो, त्याची पूजा होते, हळदकुंकू लागतं आणि मग त्याच्यावर एक स्वच्छ कापड पडतं. ठराव टाइप करायची वेळ आली की आपली लिपिका ताई वही पिशवीत घालून तालुक्याच्या झेरॉक्सच्या दुकानात जाते. पानामागे पैसे द्यायचे, एसटीचं भाडं वेगळं, आणि टाइप करणाऱ्याला घाई असली की सूचक-अनुमोदकाची नावं उलटसुलट. हे सगळं आपण बोलून दाखवतो. पण एक गोष्ट कुणी बोलत नाही. ती फाइल त्या दुकानातल्या संगणकातच राहते. कर्जमागणीच्या यादीत आपल्या बायांची नावं असतात, आधार क्रमांक असतात, बँक खात्याचे क्रमांक असतात. अशी यादी परक्याच्या संगणकात पडून राहणं बरं नव्हे.

मग कार्यालयात संगणक असून बाहेर का जायचं? विचारलं की बहुतेक ताई एकच सांगतात, "अहो, किती ती बटणं! सगळी इंग्रजीत. भलतंच दाबलं गेलं तर?" ही भीती खोटी नाही. लिहिण्याचा प्रोग्राम उघडला की वरच्या दोन पट्ट्यांत चाळीसच्या वर चिन्हं दिसतात. त्यातली आपल्याला रोज लागतात आठ किंवा दहा. बाकीची पुस्तकं छापणाऱ्यांना, प्रबंध लिहिणाऱ्यांना लागतात.

आता आपल्या मिसळणाच्या डब्याकडे बघा. घरात मसाले वीस प्रकारचे असतील. डब्यात मात्र मोहरी, जिरं, हळद, तिखट, हिंग, अशा मोजक्याच वाट्या. आणि कुठली वाटी कुठे हे ज्या बाईच्या हातात पळी आहे ती ठरवते. दुसरीच्या स्वयंपाकघरात गेलं की आपला हात चुकतो तो त्यामुळेच. संगणकावरची बटणांची पट्टीही अशी आपल्या हाताने मांडता येते, हे आपल्याला कुणी सांगितलेलं नसतं. या धड्यात तेवढंच करायचं आहे.

कुठल्या प्रोग्रामवर?

आपण लिब्रेऑफिस घेऊ. त्यात लिहिण्याचा जो भाग आहे त्याला रायटर म्हणतात. तो फुकट आहे. चोरून टाकलेला फुकट नव्हे, बनवणाऱ्यांनीच सगळ्यांसाठी मोकळा ठेवलेला. द डॉक्युमेंट फाउंडेशन ही संस्था तो सांभाळते. २०१० साली हे काम सुरू झालं आणि जगभरातले लोक त्यात भर घालतात. मराठीत करणारेही आहेत. विंडोजवर चालतो, उबुंटूवरही चालतो. दरवर्षी परवान्याचे पैसे भरायचे नसल्यामुळे संघाच्या हिशोबात तो कुठे दिसतच नाही, हे आपल्या खजिनदार ताईंना आवडेल.

कार्यालयात वर्ड असेल तर तेही वाईट नाही. त्यात नेहमीच्या बटणावर उजवी क्लिक करून 'ॲड टू क्विक ॲक्सेस टूलबार' म्हटलं की ते बटण अगदी वरच्या छोट्या पट्टीत जाऊन बसतं. पण बटणांवर आपल्या भाषेत नाव घालायची जी सोय पुढे सांगणार आहे, ती रायटरमध्ये जास्त सोपी आहे.

रायटर उघडल्यावर सगळ्यात वर शब्दांची एक ओळ दिसते: फाइल, एडिट, व्ह्यू, इन्सर्ट, फॉरमॅट, स्टाइल्स, टेबल, फॉर्म, टूल्स, विंडो, हेल्प. इंग्रजी वाचायला जड जात असेल तर मोजा. डावीकडून तिसरा शब्द व्ह्यू, म्हणजे काय दिसावं ते ठरवण्याची जागा. नववा टूल्स, म्हणजे अवजारं. शेवटचा हेल्प. आपलं काम मुख्यतः या तिघांत आहे. आवृत्ती जुनी-नवी असेल तर आतलं एखादं नाव थोडं इकडेतिकडे होतं, तेवढं चालवून घ्या.

आधी डोळ्यांचं बघू

चाळिशी ओलांडलेल्या ताईंना पहिली अडचण भाषेची नसतेच. चिन्हं बारीक दिसतात ही असते. टूल्समध्ये सगळ्यात खाली ऑप्शन्स आहे. ते उघडलं की डाव्या हाताला यादी येते. त्यात लिब्रेऑफिसच्या खाली व्ह्यू वर दाबा. तिथे आयकॉन साइझ असं लिहिलेलं असेल, त्यापुढे टूलबारसाठी लार्ज किंवा एक्स्ट्रा लार्ज निवडा आणि ओके म्हणा. चिन्हं एकदम मोठी होतात.

अक्षरं मोठी दिसण्यासाठी कीबोर्डवरचं कंट्रोल बटण दाबून ठेवा आणि माउसचं चाक पुढे फिरवा. पान जवळ आल्यासारखं होतं. यात कागदावर छापून येणारं अक्षर मोठं होत नाही, फक्त आपल्याला मोठं दिसतं. हे समजावून सांगावं लागतं, कारण पुष्कळ जणी पडद्यावर बारीक दिसतं म्हणून अक्षराचा आकडाच वाढवतात, आणि मग एका पानाचा ठराव तीन पानांवर जातो.

मराठीतून मेनू हवा का?

येतो. त्याच ऑप्शन्सच्या यादीत भाषेचा भाग आहे (लँग्वेजेस). त्यात 'युझर इंटरफेस' च्या पुढे मराठी निवडायचं, प्रोग्राम बंद करून परत उघडायचा. यादीत मराठी दिसलीच नाही तर बसवताना ती घेतलेली नसते. विंडोजवर लिब्रेऑफिस बसवताना 'कस्टम' निवडून 'युझर इंटरफेस लँग्वेजेस' मध्ये मराठीवर खूण करावी लागते. आधीच बसवलेला असेल तर संगणक बसवून देणाऱ्याला एवढंच सांगा की मॉडिफाय करून मराठी घाला.

माझं मत विचाराल तर थोडं थांबा. मेनूतले काही मराठी शब्द पुस्तकी आहेत, ते वाचूनही अडायला होतं. शिवाय फोनवर कुणाला मदत विचारली तर तो म्हणणार "टूल्समध्ये जा", आणि आपल्यासमोर टूल्स हा शब्दच नसणार. मेनू इंग्रजीत ठेवून रोजची बटणं मराठीत करणं मला जास्त सोयीचं वाटतं. ज्यांना पूर्ण मराठी हवं त्यांनी ते जरूर करावं.

एक गोष्ट मात्र सगळ्यांनी कराच. याच भाषेच्या पानावर कागदपत्रांची मूळ भाषा ठरवायची जागा असते. तिथे 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' पुढे मराठी करून ठेवा. आणि लिहायचं ते युनिकोडमध्ये. जुन्या कृतीदेवसारख्या फाँटमध्ये लिहिलेलं दुसऱ्या संगणकावर तो फाँट नसला की इंग्रजी अक्षरांची खिचडी होऊन उघडतं. बँकेत अर्ज पाठवल्यावर "तुमची फाइल वाचता येत नाही" असं उत्तर येतं ते बऱ्याचदा यामुळे.

नको ती बटणं बाजूला सारा

आता पट्टीकडे या. वरची पहिली पट्टी स्टँडर्ड, दुसरी फॉरमॅटिंग. पहिल्या पट्टीवर मोकळ्या जागेत उजवी क्लिक करा. 'व्हिजिबल बटन्स' असं येईल, त्याच्या पोटात सगळ्या बटणांची यादी, प्रत्येकापुढे खूण. खूण काढली की बटण पट्टीवरून जातं. परत खूण केली की परत येतं. एका वेळी एकच निघतं, मग पुन्हा उजवी क्लिक करावी लागते. कंटाळवाणं आहे, पण एकदाच करायचं काम आहे.

बटण लपलं म्हणजे ते काम प्रोग्राममधून गेलं असं नाही. ते मेनूत असतंच. डब्यातून जायफळ काढून फडताळात ठेवल्यासारखं आहे.

काय काढायचं? तळटीप, अंत्यटीप, बुकमार्क, क्रॉस रेफरन्स, आलेख ही बटणं बिनधास्त काढा. आणखी एक नक्की काढा, बदल नोंदवण्याचं, म्हणजे ट्रॅक चेंजेसचं. हे चुकून दाबलं गेलं की नवीन लिहिलेलं रंगीत आणि अधोरेखित दिसायला लागतं, आणि खोडायला गेलं तर शब्द जात नाही, त्याच्यावर नुसती रेघ येते. "संगणक बिघडला" म्हणून झाकून ठेवण्याचं हे एक मोठं कारण. तो बिघडलेला नसतो, कोणी काय बदललं त्याची नोंद ठेवत असतो. एडिट मेनूत ट्रॅक चेंजेसमध्ये जाऊन रेकॉर्डची खूण काढली की नोंद थांबते. कच्च्या मसुद्यावर अध्यक्ष आणि सचिव दोघींनी दुरुस्त्या सुचवायच्या असतील तेव्हा हीच सोय फार कामाची आहे, पण ती ठरवून वापरायची.

पट्टीच्या डाव्या टोकाला ठिपक्यांची बारीक ओळ असते. माउस तिथे धरून ओढला गेला तर अख्खी पट्टी पानाच्या मध्यात येऊन बसते. ते टाळायला उजवी क्लिक करून 'लॉक टूलबार पोझिशन' म्हणा. आणि पट्टीच नाहीशी झाली तर व्ह्यूमध्ये टूलबार्स, तिथे स्टँडर्ड आणि फॉरमॅटिंगवर खूण करा.

आता आपली पट्टी

हा धड्याचा गाभा. तास-दीड तास हातात ठेवून दोघी-तिघींनी मिळून करा, एकीने वाचायचं आणि एकीने माउस धरायचा.

टूल्समध्ये 'कस्टमाइझ' उघडा. वर कप्प्यांची नावं येतात, त्यात टूलबार्स घ्या. उजवीकडे वरच्या भागात 'स्कोप' आणि 'टार्गेट' अशा दोन चौकटी आहेत. स्कोप म्हणजे हा बदल कुणासाठी. तिथे 'लिब्रेऑफिस रायटर' असू द्या. त्याऐवजी आपल्या फाइलचं नाव निवडलं तर पट्टी त्या एका फाइलपुरतीच दिसेल.

टार्गेटच्या शेजारी एक छोटं बटण आहे, दाबल्यावर त्यातून लहानशी यादी उघडते. त्यात 'ॲड' म्हणा आणि नव्या पट्टीला नाव द्या. 'बैठक' द्या, 'ठराव' द्या, संघाचं नाव द्या, तुमची मर्जी. आता उजवीकडचा रकाना रिकामा आहे. हा तुमचा रिकामा डबा.

डावीकडे प्रोग्रामला येणाऱ्या सगळ्या कामांची लांबलचक यादी असते. वर शोधायची चौकट आहे, तिथे इंग्रजी स्पेलिंग टाकावं लागतं. ते जमत नसेल तर 'कॅटेगरी' मध्ये मेनूसारखी गटांची नावं आहेत, त्यातून शोधा. हवं ते काम डावीकडे निवडायचं आणि दोन रकान्यांच्या मधला उजवीकडे तोंड केलेला बाण दाबायचा, की ते आपल्या पट्टीत येतं. उजव्या बाजूच्या वर-खाली बाणांनी क्रम लावता येतो.

ठराव, इतिवृत्त आणि पत्रं लिहिणाऱ्या बाईला माझ्या हिशोबाने एवढं पुरतं: साचे उघडणे, फाइल उघडणे, सेव्ह, अनडू, ठळक अक्षर, तक्ता घालणे, तारीख, थेट पीडीएफ करणे आणि प्रिंट. झाल्या नऊ वाट्या. सेव्ह आणि अनडू शेजारी-शेजारी आणि सुरुवातीलाच ठेवा, कारण घाबरल्यावर हात तिकडेच जायला हवा. प्रिंट मात्र शेवटी, म्हणजे चुकून दाबून कागद वाया जाणार नाही.

आता नावं बदलू. उजवीकडच्या यादीत सेव्ह निवडा. खाली 'मॉडिफाय' आहे, त्यात 'रिनेम'. तिथे मराठीत लिहा, 'जपून ठेवा'. अनडूला 'मागे घ्या'. एक्स्पोर्टला 'पीडीएफ करा'. प्रिंटला 'छापा'. तुमच्या गावात ज्या शब्दाने काम चालतं तोच घाला. वऱ्हाडातल्या ताईला 'ठेव' बरं वाटेल, कोकणातलीला दुसरं काही. शेवटी टार्गेटजवळच्या त्याच छोट्या बटणात 'आयकॉन अँड टेक्स्ट' निवडा, म्हणजे चिन्हासोबत तुम्ही घातलेलं नावही दिसेल. ओके केलं की पट्टी समोर.

ती नीट चालतेय असं दोन-चार दिवस बघा. मग व्ह्यू, टूलबार्समधून स्टँडर्डची खूण काढून टाका. आता डोळ्यांसमोर राहिली फक्त तुमची पट्टी आणि अक्षराची पट्टी.

व्ह्यूमध्येच 'युझर इंटरफेस' नावाचं एक दार आहे, त्यातून अख्खा चेहराच बदलता येतो. 'टॅब्ड' निवडलं तर वर्डसारखं दिसतं. कॉलेजात शिकलेल्या मुली तेच निवडतात. पण आपण बनवलेली पट्टी 'स्टँडर्ड टूलबार' या चेहऱ्यातच नीट बसते, म्हणून आपण त्यावरच राहू.

कीबोर्डच्या कळांनाही कामं नेमून देता येतात, त्याच कस्टमाइझमध्ये कीबोर्ड नावाच्या कप्प्यात. मी तिकडे फार जाऊ नका असं सांगेन. कंट्रोल आणि एस म्हणजे सेव्ह, कंट्रोल आणि झेड म्हणजे मागे घेणं, ह्या खुणा प्रत्येक संगणकावर त्याच असतात. त्या बदलल्या तर प्रशिक्षणाला दुसरीकडे गेल्यावर आपलाच घोटाळा होईल.

कोरा साचा ठेवा

आपल्याकडे नवीन ठराव कसा होतो? मागच्या महिन्याची फाइल उघडायची, तारीख आणि नावं बदलायची, सेव्ह करायची. सेव्ह केल्याबरोबर मागच्या महिन्याचा ठराव गेला! तपासणीला कुणी आलं आणि "जुलैचा ठराव दाखवा" म्हणालं तर संगणकात ऑगस्टचाच सापडतो. नऊ वाट्यांत पहिली वाटी साच्याची ठेवली ती यासाठी.

एकदाच एक कोरा ठराव तयार करा. संघाचं नाव, नोंदणी क्रमांक, 'आज दिनांक' पुढे मोकळी जागा, विषय, चर्चा, सूचक, अनुमोदक, खाली अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष यांच्या सह्यांच्या जागा. मग फाइल मेनूत टेम्प्लेट्स, त्यात 'सेव्ह ॲज टेम्प्लेट', नाव 'मासिक ठराव', आणि गट 'माय टेम्प्लेट्स'. पुढच्या वेळी साच्याच्या बटणातून तो उघडला की रायटर त्याची नवी, बिननावाची प्रत देतो. सेव्ह करताना नवं नाव विचारतो. मूळ साच्याला धक्का लागत नाही आणि मागचा ठरावही जागेवर राहतो. फाइलला नाव देताना आधी वर्ष, मग महिना लिहा. '२०२५-०७ ठराव' असं असलं की यादीत आपोआप क्रमाने लागतं.

तारखेच्या बटणाबद्दल जपून. रायटरमध्ये तारीख दोन तऱ्हेची असते, स्थिर आणि बदलती. बदलती घातली तर फाइल ज्या दिवशी उघडाल त्या दिवसाची तारीख दिसते. जुलैचा ठराव डिसेंबरात उघडून छापला तर त्यावर डिसेंबरची तारीख येईल, आणि बँकेत त्याचं काय होईल ते सांगायला नको. आपल्या पट्टीत 'फिक्स्ड' तारीखच घ्या, आणि साच्यात तारीख घालूच नका, बैठकीच्या दिवशी घाला.

आणि छापलेला कागद कितीही देखणा दिसला तरी सह्या-अंगठ्यांचं इतिवृत्त पुस्तक बंद करायचं नाही. संगणकातली फाइल ही त्या पुस्तकाची नक्कल. पंचसूत्रीतलं लेखे ठेवणं पुस्तकातच पुरं होतं.

बिघडलं तर

कितीही मोडतोड केलीत तरी परत पहिल्यासारखं करता येतं. हेल्पमध्ये 'रिस्टार्ट इन सेफ मोड' आहे. होय म्हटलं की प्रोग्राम परत उघडताना एक चौकट येते. त्यात 'रीसेट टू फॅक्टरी सेटिंग्ज' मध्ये दोन खुणा असतात. आपल्याला पहिलीच हवी, 'रीसेट सेटिंग्ज अँड युझर इंटरफेस मॉडिफिकेशन्स'. तिने पट्ट्या, चिन्हं, मांडणी कोऱ्या होतात. लिहिलेल्या ठरावांना, पत्रांना काही होत नाही. दुसरी खूण 'रीसेट एन्टायर युझर प्रोफाइल' ची आहे. तिला हात लावू नका. ती केली तर 'माय टेम्प्लेट्स' मध्ये ठेवलेले साचेही जातात. म्हणून साच्याची एक प्रत संघाच्या पेनड्राइव्हवर असू द्या.

एकाच संगणकावर दोघी बसत असतील, एक लिपिका आणि एक लेखापाल, तर विंडोजमध्ये दोघींची वेगवेगळी खाती काढून घ्या, आपापल्या पासवर्डची. रायटर पट्टीची मांडणी खात्याप्रमाणे लक्षात ठेवतो. एकीला मोठी चिन्हं आणि मराठी नावं, दुसरीला बारीक चिन्हं आणि आकडेमोडीची बटणं, दोघींचा डबा आपापल्या जागी. नाहीतर सकाळी एकीने लावलेलं दुपारी दुसरी बदलते आणि संध्याकाळी कापड पुन्हा संगणकावर.

पुढच्या मासिक बैठकीआधी एवढं करून बघा. चिन्हं मोठी करा, स्टँडर्ड पट्टीवरची निदान पाच बटणं लपवा, नऊ वाट्यांची पट्टी बनवून तिला नाव द्या, आणि मागच्या ठरावावरून कोरा साचा काढून ठेवा. ज्या ताईने संगणकाला कधी हातच लावला नाही, तिला पट्टीसमोर बसवा आणि 'जपून ठेवा' कुठे आहे ते विचारा. तिला सापडलं नाही तर नाव बदला.